राजा गेला, पुढे काय? : डॉ. सन यत-सेन

यंदा 26 जानेवारीच्या कार्यक्रमासाठी सरांनी मंडळातल्या आम्हा पाचजणांना एकेक देश वाटून दिला. तो देश प्रजासत्ताक कसा झाला, ते दहा मिनिटांत सांगायचं. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला चीन आला. खरं सांगते, मी हिरमुसले. फ्रान्स मिळाला असता तर राजा, राणी, गिलोटिन, सगळा मसाला तयार होता. चीन आणि डॉक्टर म्हटलं की मला फक्त सोलापूरचे डॉ. कोटणीस माहीत. पण वाचायला बसले आणि दुसरेच एक डॉक्टर भेटले. दहा मिनिटांत जे मावलं नाही, ते इथे लिहिते.

सन यत-सेन यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1866 चा, दक्षिण चीनमधल्या एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी. पोर्तुगीजांचं मकाव तिथून जवळच. मोठा भाऊ पोटापाण्यासाठी हवाई बेटांवर गेला होता. तेराव्या वर्षी धाकट्यालाही त्याने बोलावून घेतलं आणि होनोलुलूच्या मिशनरी शाळेत घातलं. मुलगा इंग्रजी शिकला, बायबल वाचू लागला. भावाला ते रुचलं नाही, त्याने त्याला गावी परत पाठवलं.

गावात आल्यावर या पोराने एका मित्राला सोबत घेऊन देवळातल्या मूर्तीची मोडतोड केली. गावकरी खवळले, त्याला गाव सोडावं लागलं. काही चरित्रांत हा प्रसंग धाडस म्हणून येतो. मला तो उतावळेपणा वाटला. लोकांच्या श्रद्धेची वस्तू एका झटक्यात मोडता येते, पण तिच्या जागी काय उभं करायचं याचं उत्तर तेव्हा त्याच्याकडे नव्हतं. पुढे आयुष्यभर तोच प्रश्न त्याच्यासमोर येत राहिला.

हाँगकाँगला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1892 मध्ये तिथल्याच वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. काही काळ मकावला दवाखाना चालवला. पण रोगी माणसांपेक्षा रोगी देशाची काळजी त्यांना जास्त. 1894 मध्ये त्यांनी सुधारणांचा एक लांबलचक अर्ज लिहून बादशाही दरबारातल्या बड्या मंत्र्याकडे नेला. कोणी दाद दिली नाही. त्याच वर्षी होनोलुलूत त्यांनी क्रांतिकारकांची पहिली संस्था काढली. म्हणजे आधी अर्ज, मग बंड. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

1895 मध्ये कँटनचा पहिला उठाव फसला. मूर्ती मोडताना सोबत असलेला तो बालमित्र पकडला गेला आणि त्याला मृत्युदंड झाला. डॉ. सन निसटले. जपानला जाऊन त्यांनी मांचू राजवटीची खूण असलेली वेणी कापून टाकली आणि पाश्चात्त्य पोशाख चढवला. पुढची सोळा वर्षं मायदेश त्यांना जवळजवळ बंदच झाला.

1896 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये तर त्यांना चिनी वकिलातीतच कोंडलं. गुपचूप जहाजात घालून चीनला न्यायचं आणि तिथे मारायचं, असा बेत. तिथल्या एका इंग्रज नोकराने त्यांची चिठ्ठी डॉ. कँटली या त्यांच्या जुन्या गुरुजींपर्यंत पोचवली. गुरुजींनी पोलीस, परराष्ट्र खातं, वर्तमानपत्रं, सगळ्यांची दारं ठोठावली. बारा दिवसांनी सुटका झाली. ज्याला कोणी ओळखत नव्हतं, तो माणूस या एका प्रकरणाने जगाला माहीत झाला.

मग सुरू झाली भ्रमंती. परदेशी राहणारे चिनी दुकानदार, धोबी, खानावळवाले, मजूर यांच्याकडून पै-पै गोळा करायची आणि उठाव करायचा. 1905 मध्ये टोकियोत त्यांनी सगळ्या गटांची मोट बांधली. राष्ट्रवाद, लोकसत्ता आणि लोकांची उपजीविका ही त्यांची तीन तत्त्वं. उठाव मात्र एकामागून एक फसत गेले. सगळे मिळून दहा!

आणि जो यशस्वी झाला, तेव्हा हे तिथे नव्हतेच. 9 ऑक्टोबर 1911 ला हँकौमध्ये क्रांतिकारकांच्या हातून चुकून बॉम्ब फुटला. पोलिसांच्या हाती सदस्यांच्या याद्या लागल्या. आता मरायचंच तर लढून, म्हणून दुसऱ्या दिवशी वूचांगच्या सैनिकांनी बंड केलं. डॉ. सन तेव्हा अमेरिकेत डेन्व्हरला होते. त्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळली. ते धावत घरी गेले नाहीत. आधी युरोपात गेले, कारण बादशाहीला मिळणारी परदेशी कर्जं थांबवायची होती. इथे तो देवळातला उतावळा पोरगा कुठेच दिसत नाही.

तोवर प्रांतामागून प्रांत फुटले. 29 डिसेंबरला प्रांतांच्या प्रतिनिधींनी 17 पैकी 16 मतांनी त्यांना निवडलं आणि 1 जानेवारी 1912 रोजी नानजिंगला ते चिनी प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले. पण सैन्य होतं उत्तरेत, युआन शिकाई या सेनापतीच्या मुठीत. म्हणून सौदा ठरला. युआनने बादशहाला खाली उतरवायचं, डॉ. सन यांनी खुर्ची युआनला द्यायची. 12 फेब्रुवारीला सहा वर्षांच्या बादशहाच्या नावाने गादी सोडल्याचं फर्मान निघालं. त्याला पदवी, राजवाडा आणि वार्षिक तनखा ठेवला. हे वाचताना मला आमचं हैदराबाद आठवलं. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं, तरी 26 जानेवारी 1950 ला तेच निजाम आमच्या राज्याचे राजप्रमुख होते. राजे असेही जातात, हळूहळू.

डॉ. सन यांनी शब्द पाळला, दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. युआनने पाळला नाही. निवडणुका झाल्या, डॉ. सन यांच्या पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या. मार्च 1913 मध्ये त्या पक्षाचा तिशीतला नेता सुंग च्याओ-रेन याला शांघायच्या स्टेशनवर गोळ्या घातल्या. संशय युआनवर गेला. पुढे युआनने संसद मोडली आणि 1915 च्या अखेरीस स्वतःच बादशहा व्हायला निघाला. काही महिन्यांत तेही फसलं आणि 1916 मध्ये तो मेला. मागे राहिले आपापल्या फौजा पाळणारे सरदार.

आता मला खटकलेली गोष्ट. 1914 मध्ये जपानात पुन्हा परागंदा असताना डॉ. सन यांनी नवा पक्ष काढला. त्यात येणाऱ्याने बोटाचा ठसा उमटवून त्यांच्याशी, हो, त्यांच्याशी व्यक्तिशः, एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची. काही जुने सोबती यामुळे दुरावले. राजा नको म्हणून आयुष्य उधळलेला माणूस, आणि त्याला वैयक्तिक निष्ठा हवी! इतक्या विश्वासघातांनंतर असं वाटणं मी समजू शकते. पटत मात्र नाही. युआनचं सैन्यही देशाशी नाही, एका माणसाशी बांधलेलं होतं. रोग तोच होता, आणि डॉक्टरांना स्वतःच्या अंगात तो दिसला नाही.

शेवटच्या वर्षांत कँटनला त्यांनी पुन्हा सरकार उभारलं, रशियाची मदत घेतली, 1924 मध्ये सैनिकी विद्यालय काढलं. देश एक करण्याच्या बोलणीसाठी पेकिंगला गेले आणि 12 मार्च 1925 रोजी कर्करोगाने तिथेच वारले. आज बीजिंग आणि तैपेई, दोन्हीकडे त्यांना मान आहे. एरवी या दोघांचं जमत नाही.

आपल्याकडे आधी जवळजवळ तीन वर्षं बसून घटना लिहिली, मग प्रजासत्ताक झालो, मग प्रत्येक प्रौढ बाई-माणसाला मत देऊन निवडणूक घेतली. शाळेत हे मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. चीन वाचल्यावर त्याची किंमत कळली.

कार्यक्रमानंतर मंडळाची बैठक झाली. मी यंदाची सचिव. सगळे म्हणाले, निवडणूक कशाला, तूच राहा पुढच्या वर्षी, काम चांगलं चाललंय. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण डोळ्यांसमोर तो बोटाचा ठसा आला. मी म्हटलं, नियमात आहे तर निवडणूक घेऊ. जूनमध्ये आहे. मी उभी राहणार आहे, आणि हरूही शकते. तुम्ही मत द्यायला मात्र या.