वर्धा ते चापिंगो आणि परत

फायनल इयर लागलं की आपल्या हॉस्टेलवर दोन प्रकारची मुलं दिसू लागतात. एक कॅम्पसवाली आणि दुसरी जी.आर.ई.वाली. जी.आर.ई.वाल्याला विचारा, बाबा रे परत येणार का? उत्तर ठरलेलं! एम.एस. करू, चार-पाच वर्षं अनुभव घेऊ, थोडे पैसे जमवू, मग येऊच. हा लेख अशा एका माणसाबद्दल आहे, जे आपल्याच विदर्भातून शिकायला अमेरिकेला गेले. परत यायचं हे त्यांचंही ठरलेलं होतं. फक्त त्या परत येण्याला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

नाव, डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म वर्ध्याचा, १८८० च्या दशकातला. आमच्या मारेगावपासून वर्धा काही फार लांब नाही, मध्ये एक नदी, आणि तिचं नावही वर्धाच. पण शाळेत गदर पार्टीचा धडा असतो तेव्हा आपल्याला लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना ही नावं पाठ करावी लागतात, आणि त्याच लोकांबरोबर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला एक मराठी मुलगा होता हे कोणी सांगत नाही. निदान मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

खानखोज्यांचे वडील अर्जनवीस होते, म्हणजे लोकांना सरकारी अर्ज लिहून द्यायचे. मुलाने शिकावं, नोकरी धरावी, संसार करावा एवढीच त्यांची अपेक्षा. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतात पडले ते नेमके या मुलाच्या शाळेच्या वयात. एकीकडे इंग्रजांचा राग, दुसरीकडे माणसं अन्नावाचून मरताना पाहिलेली. शेतीशास्त्र आणि क्रांती या दोन गोष्टी पुढे आयुष्यभर त्यांच्या बरोबर राहिल्या, त्याचं मूळ मला इथे दिसतं. लोकमान्य टिळकांचा सल्ला घेऊन ते १९०६ च्या सुमारास घरून निघाले, आधी जपानला आणि तिथून कॅलिफोर्नियाला.

अमेरिकेत त्यांनी काय केलं? दिवसा मिळेल ती मजुरी आणि उरलेल्या वेळात शिक्षण. शिक्षणही दोन तऱ्हेचं. शेतीचा अभ्यास बर्कलीला, नंतर ओरेगॉनला आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात. आणि मध्येच सॅन राफाएलच्या माउंट टमालपाइस मिलिटरी अ‍ॅकॅडमीत युद्धाचं शिक्षण! स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये हे कसं लिहिलं असतं कोण जाणे. पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्यांत आणि शेतांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी एकत्र करायला सुरुवात केली. त्यातूनच १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली. लढाईची बाजू सांभाळणाऱ्यांत खानखोजे होते.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि डिग्री राहिली बाजूला. तुर्कस्तान, बगदाद, इराण, बलुचिस्तानची सीमा असा त्यांचा प्रवास झाला. मुसलमानी नावं घेऊन, टोळीवाल्यांना बरोबर घेऊन इंग्रजांशी लढाया झाल्या, जखमा झाल्या, पकडले गेले, निसटले. यावर एक वेगळा लेख होईल. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की युद्ध संपल्यावर हिंदुस्थानचं दार त्यांना बंद झालं. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव चढलं होतं. बर्लिनला राहून झालं, १९२१ मध्ये मॉस्कोला जाऊन झालं, पण देशाबाहेरून क्रांती पाठवायचा कोणताच मार्ग नीट लागेना. अमेरिकेत असताना मेक्सिकोच्या क्रांतिकारकांशी ओळखी झाल्या होत्या, त्या आता कामाला आल्या. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले.

आणि इथे या माणसाचं दुसरं आयुष्य सुरू होतं, जे मला पहिल्यापेक्षाही जास्त आवडतं.

मेक्सिकोत १९१० ची क्रांती होऊन गेली होती, जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटणं चालू होतं. पण नुसती जमीन मिळून काय होतं, बी-बियाणं आणि ज्ञान हवं ना! खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. वर्ध्याचा ज्वारी खाणारा माणूस, आणि काम करू लागला मक्यावर. मक्याचा एक रानटी नातेवाईक आहे, तेओसिंते नावाचा. त्याचं कणीस बोटाएवढं, त्यात पाच ते बारा दाणे आणि तेही दगडासारख्या कवचात. पण जात भलतीच काटक. मका आणि तेओसिंते यांचा संकर करून खानखोज्यांनी नवीन जाती तयार केल्या. गव्हावरही काम केलं. बायोटेक्नॉलॉजीवाल्या मित्रांनी लक्षात घ्यावं, हे सगळं डी.एन.ए.ची रचना माहीत होण्याच्या कितीतरी आधी, शेतात उभं राहून, हाताने परागकण टाकून चाललेलं काम आहे.

ते प्रयोगशाळेपुरतं ठेवलं नाही हे विशेष. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेती-शाळा काढल्या, क्रांतीचा नेता एमिलियानो झापाटा याच्या नावाने. फोटोग्राफर टीना मोदोत्ती हिने या कामाचे फोटो काढले. आणि दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरीच्या टेबलाभोवती बसलेली माणसं रंगवली, त्यांत खानखोजे आहेत. आपल्या वर्ध्याचा माणूस! १९३६ मध्ये त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं, सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. मुलींची नावं पहा. माणूस कुठे राहतो आणि मनात कुठे असतो ते मुलांच्या नावांवरून कळतं, असं मला वाटतं.

१९४७ साली स्वातंत्र्य मिळालं. आता तरी सरळ बोटीत बसून यावं की नाही? पण काळ्या यादीतलं नाव स्वातंत्र्याबरोबर आपोआप पुसलं गेलं नाही. ज्या इंग्रजांशी ते लढले ते निघून गेले, आणि त्यांनी बनवलेली यादी आपल्याच कचेरीत राहिली! १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं, तेव्हा कुठे येणं झालं. त्यानंतर ते पुन्हा मेक्सिकोला गेले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर कुटुंब घेऊन कायमचे नागपूरला आले.

विचार करा, गेले तेव्हा विशीतले होते, आले तेव्हा सत्तरीचे. चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच, उन्हाळासुद्धा सुखाचा. आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. मुली मेक्सिकोत वाढलेल्या, बायको युरोपची. तिघींसाठी हे परत येणं नव्हतंच, ते जाणं होतं. आपण परत येणाऱ्या माणसाचं स्वागत करतो आणि त्याच्यासोबत आलेल्यांचा विचार करत नाही. अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांच्या मुलांना आपण दोन दिवसांत मराठी बोलून दाखव म्हणतो, तसंच हे.

शिवाय ज्ञान मक्याचं, आणि इथे पीक कापूस आणि ज्वारीचं. ज्या सरकारने बोलावलं त्याची राजधानी नागपूर होती, पण १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे म्हातारपणी घरी येऊन बसले तर घराचाच पत्ता दोनदा बदलला. चापिंगोला त्यांची स्वतःची शेतं होती, विद्यार्थी होते, तीस वर्षांची ओळख होती. नागपुरात ते एक जुने देशभक्त होते. सत्कार करायला लोक तयार असतात, पण सत्तरीच्या माणसाला प्रयोगासाठी दहा एकर कोण देतो?

मेक्सिको मात्र त्यांना विसरला नाही. चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसला, लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते अनावरण झालं. मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं आहे, आणि मराठीत वीणा गवाणकरांनी. हो, त्याच, ‘एक होता कार्व्हर’वाल्या. कार्व्हर आपण सगळ्यांनी वाचलेला असतो, हेही वाचून पहा.

एक गोष्ट राहिली. खानखोजे मेक्सिकोत असतानाच, १९४४ मध्ये, नॉर्मन बोरलॉग नावाचा तरुण अमेरिकन तिथे आला. त्याच्या गव्हाच्या कामाचं एक ठिकाण चापिंगोच होतं. देशात सलग दोन वर्षं पाऊस बुडाला तेव्हा, १९६६ साली, भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं बोटीने मागवलं. तो गहू बोरलॉगचा, खानखोज्यांचा नव्हे. पण त्या मातीत वीस-पंचवीस वर्षं राबलेला माणूस तेव्हा नागपुरात होता. २२ जानेवारी १९६७ ला ते तिथेच वारले. रब्बीचा तो मेक्सिकन गहू त्या वेळी पंजाब-हरियाणाच्या शेतांत उभा होता.