दगडातले अरण्य वाचणारे बिरबल साहनी

गणराय ही विद्येची देवता. त्याच्या उत्सवात आपल्या लखनौच्या एका विद्यातपस्व्याचे स्मरण करणे उचित ठरेल. सरोजिनी नगरहून कानपूर रोडने निघून चारबाग, हजरतगंज मागे टाकून गोमती ओलांडली की युनिव्हर्सिटी रोडवर एक संस्था लागते. तिच्या नावातले बिरबल म्हणजे अकबराच्या दरबारातले नव्हेत, ते प्रा. बिरबल साहनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या भेरा गावी झाला. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्याबरोबर हिमालयात भटकताना मुलाला झाडापानांचा छंद लागला. १९११ साली ते केंब्रिजला गेले आणि तेथे प्रा. सेवर्ड यांच्या हाताखाली वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास केला. १९२१ साली ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत लखनौचेच राहिले. १९३६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. एक थर वाहून गेला की पुढचा येईपर्यंत बराच काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, झाडे वाढत. मग नवा लाव्हा सारे झाकून टाकी. नागपूर-छिंदवाडा भागात अशा थरांत झाडांची खोडे व फळे दगड होऊन राहिली आहेत. छिंदवाड्याच्या मोहगाव कलाँ येथील जीवाश्मांवर साहनींनी के. पी. रोडे यांच्यासमवेत १९३७ साली लेख लिहिला. तेथे निपा नावाच्या ताडाची फळे सापडली. हा ताड आज सुंदरबनाच्या खाड्यांत वाढतो. म्हणजे आज समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या त्या भागाजवळ एके काळी खारे पाणी होते!

हा लाव्हा डायनोसॉरच्या काळातला, असे अनेक भूवैज्ञानिक मानत. ही झाडे त्यानंतरच्या युगातली आहेत, असे साहनींचे म्हणणे होते. आजच्या मोजणीनुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, नेमके त्या दोन युगांच्या सीमेवरचे आहेत. तेव्हा दोन्ही पक्षांच्या पदरी थोडेथोडे सत्य पडले. मिठाच्या डोंगरांच्या वयाबाबत मात्र साहनींचा अंदाज चुकीचा ठरला. असे मतभेद झाले, तरी पुरावा शोधणे त्यांनी सोडले नाही.

राजमहाल टेकड्यांत खोड, पान व फळ वेगवेगळे सापडत. ते एकाच झाडाचे अवयव आहेत हे ओळखून १९४८ साली त्यांनी पेंटोझायलॉनचा गट मांडला. हा गट आज कोठेही जिवंत नाही. एखादे कूळ संपते, दुसरे बदलत बदलत टिकते. हा हिशेब दगडातच लिहिलेला असतो.

आपला संग्रह, ग्रंथ व मालमत्ता त्यांनी व पत्नी सावित्रीबाईंनी संस्थेसाठी दिली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी पायाशिला बसवली. साहनींनी स्वतः घडवलेल्या त्या शिलेत निरनिराळे जीवाश्म जडवले होते. पुढे एकाच आठवड्यात, १० एप्रिलला, साहनींचे निधन झाले. इमारत त्यांनी पाहिलीच नाही. दुःख गिळून सावित्रीबाईंनी अध्यक्षपद स्वीकारले, आणि १९५३ च्या जानेवारीत नेहरूंच्याच हस्ते वास्तूचे उद्घाटन झाले.

गावी जाल तेव्हा काळ्या कातळावर क्षणभर हात ठेवा. त्याखाली झाकलेल्या अरण्याची कथा आपल्या लखनौत वाचली गेली, याचा अभिमान वाटेल.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥