व्हेनिसचे तांबड्या केसांचे धर्मगुरू : फादर अंतोनियो विवाल्दी



नाताळच्या तयारीच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातील मुलींच्या एका वसतिगृहाला आम्ही भेट दिली होती. गायनाचा सराव चालू होता. साथीला एक हार्मोनियम आणि एक ढोलकी. सराव आटोपल्यावर तेथील धर्मभगिनींनी आपली अडचण सांगितली. वसतिगृहात सगळ्या मुलीच. पुरुषांचा जाड आवाज आणायचा कोठून? चार आवाजांतील महिमागीत मोठ्या शहरांतील गायकवृंदांनीच गावे, आमच्या मुलींना ते कसे जमावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्या वेळी आम्हाला एका धर्मगुरूंचे स्मरण झाले. त्यांचे आयुष्य अशाच मुलींना संगीत शिकविण्यात गेले. त्यांचे नाव फादर अंतोनियो विवाल्दी. ‘चार ऋतू’ या त्यांच्या रचनेतील वसंताची धून आपल्यापैकी अनेकांनी दूरध्वनीवर ताटकळत असताना ऐकलेली असते. पण ती एका कॅथलिक धर्मगुरूची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

विवाल्दी यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी इटलीतील व्हेनिस शहरात झाला. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे सुपुत्र छत्रपती शिवाजी महाराज त्या वेळी हयात होते. बाळाच्या जिवाला धोका वाटल्यामुळे सुईणीने घरीच त्याला स्नानसंस्कार दिला. चर्चमधील उर्वरित विधी दोन महिन्यांनी, ६ मे रोजी पार पडले. वडील जोव्हान्नी बात्तिस्ता हे आधी न्हावी होते. पुढे व्हायोलिनवादक म्हणून नावारूपास येऊन १६८५ साली संत मार्कच्या सुप्रसिद्ध महामंदिरातील वाद्यवृंदात त्यांची नेमणूक झाली. पित्याकडून पुत्राला दोन गोष्टी मिळाल्या : व्हायोलिन आणि तांबडे केस. या केसांमुळेच लोक त्यांना ‘तांबडे धर्मगुरू’ म्हणू लागले.

पंधराव्या वर्षी अंतोनियोंनी धर्मगुरुपदाच्या मार्गावर पाऊल टाकले आणि २३ मार्च १७०३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मात्र त्यानंतर फार दिवस ते मिस्साबलिदान अर्पण करू शकले नाहीत. छाती आवळून येण्याचा विकार त्यांना जन्मापासून होता. आजच्या भाषेत बहुधा तो दमा असावा. वेदीवरून मध्येच खाली उतरण्याची वेळ आल्यावर त्यांनी मिस्सा अर्पण करणे थांबविले. सुचलेली सुरावट लिहून ठेवण्यासाठी ते मिस्सा अर्धवट टाकून धावले, अशी कथा पुढे पसरली. ती चविष्ट असली तरी तिच्यावर विश्वास ठेवावा असे आम्हाला वाटत नाही. गोल्दोनी या नाटककाराने आपल्या आठवणींत त्यांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात त्यांच्या हातात प्रार्थनाग्रंथ आहे आणि बोलता बोलताही ते प्रार्थना म्हणत आहेत.

दीक्षेच्याच वर्षी, सप्टेंबर १७०३ मध्ये, ‘पिएता’ या अनाथालयात व्हायोलिनचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन वर्षाला ६० दुकात. एका फ्रान्सिस्कन बंधूने १३४६ साली ही संस्था सुरू केली होती. तिच्या भिंतीत एक कोनाडा होता. ज्या माता आपले मूल सांभाळू शकत नसत, त्या ते तेथे ठेवून निघून जात. मुलगे मोठे होताच एखाद्या कारागिराकडे उमेदवारीला जात. मुली मात्र संस्थेतच राहत, आणि त्यांतील ज्यांना स्वराची देणगी असे त्यांना संगीताचे कसून शिक्षण मिळे. या मुलींना आडनाव नव्हते. वाद्य किंवा आवाज हीच त्यांची ओळख. कोणी ‘व्हायोलिनची’, कोणी ‘जाड आवाजाची’. विवाल्दींची आवडती शिष्या ‘व्हायोलिनची’ आन्ना मारिया ही याच आडनावाने युरोपभर प्रसिद्ध झाली. रविवारी व सणांच्या दिवशी या मुली चर्चच्या उंच सज्जात जाळीआड उभ्या राहून गात-वाजवीत. श्रोत्यांना स्वर ऐकू येत, चेहरे दिसत नसत. परदेशी प्रवासी हे संगीत ऐकण्यासाठी मुद्दाम व्हेनिसला थांबत.

व्हेनिसमध्ये आज ‘विवाल्दींचे चर्च’ म्हणून जे दाखवतात, ते त्यांच्या मृत्यूनंतर बांधून पूर्ण झाले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

संस्थेच्या चालकांशी त्यांचे संबंध नेहमी गोड नव्हते. १७०९ साली मतदान होऊन त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १७११ साली पुन्हा बोलावण्यात आले. १७१६ साली त्यांनी या मुलींसाठी ‘युदिथेचा विजय’ हे भव्य संगीतकाव्य रचले. त्यातील होलोफर्नेस सेनापतीसह सर्व पात्रे मुलींनीच गायिली. १७२३ च्या करारानुसार त्यांनी महिन्याला दोन नव्या वाद्यरचना पिएताला द्यायच्या होत्या. त्यांच्या सुमारे ५०० वाद्यरचनांपैकी अनेक अशा रीतीने, समोर बसलेल्या एखाद्या ठरावीक मुलीच्या बोटांचा अंदाज घेऊन लिहिलेल्या आहेत.

आणि ठरावीक वाद्यांसाठी, हेही खरे. त्या काळच्या व्हायोलिनला पोलादी तारा नव्हत्या. आपल्या सारंगीला असते तशी आतड्याची तात होती. गज हलका व बाहेरच्या बाजूस किंचित वाकलेला. त्यामुळे स्वर मोठा नसे, पण बोललेल्या शब्दासारखा स्पष्ट उमटे. साथीला हार्प्सिकॉर्ड असे, ज्यात पट्टी दाबली की पिसाची काडी तार छेडते, आणि लांब मानेचा थिओर्बो. ‘व्हियोला दामोरे’ हे वाद्य विवाल्दींना व आन्ना मारियाला विशेष प्रिय होते. त्याच्या मुख्य तारांखाली सारंगीच्या तरफांसारख्याच न छेडता झंकारणाऱ्या तारा असतात.

पिएताबाहेरही त्यांची कीर्ती वाढली. १७११ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापलेल्या त्यांच्या संग्रहातील रचना जर्मनीत योहान सेबास्टियन बाख यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्या वाद्यांसाठी उतरवून घेतल्या. ‘चार ऋतू’ १७२५ साली प्रसिद्ध झाले. याच काळात ते संगीतनाटकांच्या धंद्यात उतरले. धंदा हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. नाट्यगृह, गायक, पैसा, तंटे या सगळ्यात ते आकंठ बुडाले. आन्ना जिरो नावाची गायिका व तिची बहीण यांच्यासह ते प्रवास करीत, आणि लोक बोलत. १७३७ साली फेराराचे कार्डिनल रुफ्फो यांनी त्यांना शहरात येण्यास मनाई केली. धर्मगुरू असून मिस्सा अर्पण करीत नाहीत आणि गायिकेशी मैत्री ठेवतात, ही दोन कारणे. विवाल्दींनी एका सरदाराला कळवळून पत्र लिहिले. आपला आजार सांगितला, त्या भगिनींविषयीचा संशय निराधार असल्याचे सांगितले. उपयोग झाला नाही. त्यांना संत ठरविण्याचा आमचा हेतू नाही. पैशाच्या बाबतीत ते चोख होते आणि गर्विष्ठही होते. परंतु धाप लागणाऱ्या माणसाला वेदीपाशी उभे राहता येत नाही, या दुःखाचा विचार कार्डिनलमहोदयांनी थोडा अधिक करावयास हवा होता, असे आम्हाला वाटते.

व्हेनिसची आवड बदलली. १७३९ साली इकडे चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडे विवाल्दींचे संगीत जुने ठरू लागले होते. १७४० च्या मे महिन्यात त्यांनी पिएताला वीस रचना सत्तर दुकातांना विकल्या आणि पुढे सम्राट सहावे चार्ल्स यांच्या आशेने व्हिएन्ना गाठले. सम्राट त्याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तले. २८ जुलै १७४१ रोजी एका खोगीर बनविणाऱ्याच्या विधवेच्या घरात विवाल्दींचे निधन झाले. त्याच दिवशी सार्वजनिक रुग्णालयाच्या दफनभूमीत साध्या रीतीने त्यांना पुरण्यात आले. ती दफनभूमी आज अस्तित्वात नाही.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षे त्यांचे नाव जगाच्या स्मरणातून गेल्यासारखे होते. १९२६ साली उत्तर इटलीतील बोर्गो सान मार्तिनो येथील सालेशियन फादरांना, म्हणजे डॉन बॉस्कोंच्या कुटुंबातील बांधवांना, इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा होता. त्यांनी आपल्याकडील जुनी हस्तलिखिते विकावयास काढली. तुरिन विद्यापीठाचे प्राध्यापक आल्बेर्तो जेन्तिली यांनी ती तपासली, तेव्हा त्यांत विवाल्दींच्या अप्रकाशित रचनांचे चौदा खंड निघाले! सरकारी ग्रंथालयाकडे पैसा नव्हता. रोबेर्तो फोआ नावाच्या दलालांनी, आपला चिमुकला मुलगा माउरो वारला होता, त्याच्या स्मरणार्थ तो संग्रह विकत घेऊन ग्रंथालयाला दिला. उरलेला अर्धा भाग जिनोव्हात सापडला. तो १९३० साली कापड गिरणीचे मालक फिलिप्पो जोर्दानो यांनी घेतला. त्यांचाही रेन्झो हा मुलगा बालवयातच गेला होता. टाकून दिलेल्या मुलांसाठी लिहिलेले संगीत दोन गेलेल्या मुलांच्या नावाने वाचले. तुरिनच्या ग्रंथालयात आजही ते संग्रह माउरो व रेन्झो यांच्याच नावाने ओळखले जातात. जेन्तिली व फोआ हे दोघेही यहुदी होते. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे जेन्तिली यांना विद्यापीठातील आपले स्थान गमवावे लागले.

१९३९ साली सिएना येथे विवाल्दी सप्ताह झाला व त्यात ‘ग्लोरिया’ हे महिमागीत पुन्हा गायिले गेले. परंतु मोठ्या आधुनिक वाद्यवृंदाला साजेसे फेरफार करून. जुन्या वाद्यांकडे वळण्याचे काम पुढच्या पिढीने केले. १९५३ साली व्हिएन्नात निकोलाउस हार्नोन्कोर्ट यांनी, १९७३ साली इंग्लंडमध्ये ट्रेव्हर पिनॉक यांनी आणि १९९० साली इटलीत फाबियो बियोन्दी यांनी त्या काळची वाद्ये वापरणारे वृंद उभे केले. तात, हलका गज, हार्प्सिकॉर्ड आणि मोजकेच वादक. श्रोत्यांना प्रथम ते रुक्ष वाटले, मग हेच मूळ असावे अशी खात्री पटत गेली. २००८ साली प्राग येथे ओन्द्रेय मात्सेक यांच्या वृंदाने विवाल्दींचे ‘आर्जिप्पो’ हे हरवलेले संगीतनाटक सापडलेल्या भागांवरून उभे केले. त्याची कथा चक्क हिंदुस्थानात, मोगल बादशहाच्या दरबारात घडते. त्या हिंदुस्थानाची आपल्या हिंदुस्थानाशी ओळखदेखील नाही, हा भाग वेगळा.

या अभ्यासामुळे आमच्या धर्मभगिनींच्या प्रश्नाकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. ‘ग्लोरिया’च्या कागदावर पुरुषी आवाजांच्या ओळी आहेत, आणि पिएतात तर पुरुष गायकच नव्हते. तेथे काही स्त्रिया खालच्या पट्टीत खरोखर गात. नोंदींत त्यांची नावेच तशी आहेत. जे फारच खाली जाई ते एक सप्तक वर गायिले जात असावे व तळाचा स्वर वाद्ये सांभाळीत असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. अलीकडे काही वृंदांनी केवळ स्त्रियांच्या आवाजात हे गीत सादर केले आहे. आम्ही तसे एक ध्वनिमुद्रण त्या वसतिगृहाला पाठविले. हार्मोनियमच्या खालच्या सप्तकावर तळाची ओळ धरून पहिल्या भागाचा सराव त्यांनी सुरू केल्याचे कळते.