ताणला जाणारा काठ

घरी विणलेला स्वेटर अंगाला बरोबर बसतो, पण डोक्यातून काही जात नाही. विणणाऱ्या घरांना हे नवे नाही. माप चुकलेले नसते. काठ आवळलेला असतो. ताणला जाणारा काठ मी शिकू लागले तेव्हा एक नाव वारंवार समोर आले : एलिझाबेथ झिमरमन.

बाईंचा जन्म ९ ऑगस्ट १९१० चा, इंग्लंडमधला. वडील नौदलात. चित्रकला शिकायला त्या स्वित्झर्लंडला आणि मग म्युनिकला गेल्या. तिथे अर्नोल्ड झिमरमन भेटले. बिअर बनवणे हा त्यांचा व्यवसाय. हिटलरविषयी ते उघडपणे वाईट बोलले आणि जर्मनी सोडणे भाग पडले. १९३७ मध्ये दोघांनी अमेरिका गाठली. तीन मुले झाली, विस्कॉन्सिनमध्ये संसार स्थिरावला.

लोकर डाव्या हातात धरून विणण्याची रीत युद्धकाळात इंग्लंड-अमेरिकेत ‘जर्मन’ म्हणून मागे पडली. बाई मात्र तशाच विणत राहिल्या आणि इतरांनाही शिकवत राहिल्या. तुकडे विणून शिवत बसण्यापेक्षा गोल सुईवर बिनशिवणीचा स्वेटर त्यांना प्रिय. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचे पत्रक काढले, १९५९ मध्ये ‘स्कूलहाउस प्रेस’ सुरू केले. पुढे दूरदर्शनवर धडे दिले. १९७१ मध्ये ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक आले.

आमच्या पिढीने विणकाम शिकले ते मासिकातल्या आकड्यांची आज्ञा पाळत. बाईंचा हिशेब साधा. एका इंचात पाच टाके आणि छाती चाळीस इंच, म्हणजे दोनशे टाके. हे शंभर टक्के. मनगटाला त्याचे वीस टक्के, गळ्याला चाळीस. मग कुणाचाही स्वेटर कुणालाही विणता येतो.

काठाचेही तसेच. सुरुवातीला अंगठ्यावरच्या फासाला एक जादा पीळ देऊन टाके घालण्याची जुनी जर्मन पद्धत आहे. प्रत्येक टाक्याला थोडी जास्त लोकर मिळते, म्हणून काठ ताणला जातो. टाके बंद करण्याची बाईंची रीत शिवणीची. काठाच्या तिप्पट लोकर बोथट सुईत ओवायची. सुई उजवीकडून डावीकडे दोन टाक्यांतून न्यायची, परत पहिल्यातून डावीकडून उजवीकडे काढायची आणि तो टाका सोडायचा. हे हाताला बसायला मला चार संध्याकाळी लागल्या. गळा मात्र डोक्यातून सहज गेला.

अशा युक्त्यांना आपला शोध म्हणणे बाईंना पटत नसे. पूर्वी कुणी तरी हे केले असणारच, अशी त्यांची धारणा. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी त्या गेल्या. नमुने पुष्कळ जण देतात. बाईंनी विणणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या बुद्धीवर विसंबायला शिकवले. त्यानंतर नमुना हरवला तरी स्वेटर अडत नाही.