डॉक्टर डार्विन यांची गाडी

आपली बैलगाडी दोन चाकांची. बैल वळले की तीही सहज वळते. चारचाकी घोडागाडीचे तसे नसते. चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाचे आजोबा इरॅस्मस डार्विन १७५६ सालापासून इंग्लंडातील लिचफील्ड येथे वैद्यकी करीत. दूरदूरच्या रोग्यांकडे ते गाडीतून जात. रस्ते खाचखळग्यांचे व चिखलाचे. त्या काळी वळताना पुढची आस दोन्ही चाकांसह फिरे; मग आधार अरुंद होऊन गाडी कलंडे. डॉक्टरच वाटेत अडकला, तर रोग्याने कोणाकडे पाहावे?

१७५९ च्या सुमारास डार्विन यांनी निराळी योजना केली. आस स्थिर ठेवून प्रत्येक चाक स्वतंत्र खुंटीवर वळविले. वळणावर आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. म्हणून आतले चाक अधिक वळेल अशी जोडणी केली. त्यामुळे चाके फरफटत नाहीत, मऊ भूमी उकरीत नाहीत.

१७६८ साली स्वतः योजलेल्याच एका गाडीतून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली व पाय कायमचा अधू झाला. तरी रुग्णसेवा सुटली नाही. १८०२ साली ते निवर्तले. आपल्या योजनेचे एकस्व त्यांनी घेतले नव्हते. १८१८ साली तशाच रचनेचे एकस्व लंडनमध्ये अकरमन यांच्या नावे निघाले. आज मोटारींची पुढची चाके वळतात, ती याच तत्त्वाच्या आधारे.