न कुजणाऱ्या प्लास्टिकचा जनक

जुन्या घरांतला तो काळा, गोल स्विच पाहिलाय? तो बेकेलाइटचा. ते बनवणारे लिओ बेकलँड १८६३ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात, बूट शिवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मले. अमेरिकेत गेल्यावर फोटोंसाठीचा व्हेलॉक्स पेपर विकून त्यांनी बक्कळ पैसा कमावला आणि घरीच लॅब थाटली. तेव्हा विजेच्या तारांना इन्सुलेशन म्हणून लाख वापरायचे. ती भारतातूनही जायची. मागणी इतकी वाढली, की लाखेचे किडे पुरेनात. १९०७ मध्ये बेकलँडनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक बनवलं. एकदा घट्ट झालं, की ना वितळणार, ना कुजणार! फोन-रेडिओसाठी हे वरदानच होतं. १९४४ मध्ये ते गेले. नंतरची प्लास्टिकं वेगळी, पण चिवटपणा तोच. आपण मात्र तो पाच मिनिटांच्या चहाच्या कपासाठी वापरतोय.