माधवराव पटवर्धन : छंद, जाती आणि वृत्त

मराठी पद्याचे वर्णन करताना आपण ‘छंद’, ‘जाती’ आणि ‘वृत्त’ या संज्ञा वापरतो. त्यांचे अर्थ काटेकोरपणे निश्चित करण्याचे मोठे श्रेय डॉ. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांच्याकडे जाते. त्यांचे चरित्र आणि या संज्ञा यांचा निकटचा संबंध आहे.

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. उच्च शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसीचे अध्यापक झाले. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते प्रमुख कवी होते. ‘फारसी-मराठी कोश’ त्यांनी १९२५ मध्ये सिद्ध केला. गझल आणि रुबाई हे फारसी काव्यप्रकार त्यांनी मराठीत रुजवले. परभाषेतील रचना मराठीत आणायची, तर तिचे माप आधी नेमके कळावे लागते. त्यांच्यातील कवीची ही गरज त्यांच्यातील शास्त्रकाराला उपयोगी पडली.

छंदःशास्त्राची जुनी परिभाषा संस्कृतातून आलेली होती. लघू-गुरूंच्या ठरावीक क्रमाने बांधलेल्या श्लोकांना ती चपखल बसे. परंतु ओवी व अभंग यांना ती लावता येत नसे, कारण तेथे लघू-गुरूंचा क्रम ओळीगणिक बदलतो. मग या रचनांना सदोष म्हणायचे काय? माधवरावांनी दोष रचनेत नव्हे, तर मोजण्याच्या पद्धतीत पाहिला आणि पद्याचे तीन वर्ग मानले. जेथे लघू-गुरूंचा क्रम ठरलेला असतो ते वृत्त. जेथे मात्रांची आवर्तने ठरलेली असतात ती जाती. आणि जेथे अक्षरसंख्या महत्त्वाची व प्रत्येक अक्षराचा उच्चार सारखाच दीर्घ मानला जातो तो छंद. जातींमध्येही त्यांनी आवर्तनांनुसार भेद केले. आठ मात्रांचे ते पद्मावर्तन आणि सहा मात्रांचे ते भृंगावर्तन.

‘कविता’ हा एकच शब्द घ्या. वृत्तात तो लघू-लघू-गुरू, म्हणजे ‘स’ गण होतो. जातीत त्याच्या चार मात्रा होतात. छंदात मात्र ती केवळ तीन अक्षरे. शब्द तोच, परंतु काय मोजायचे ते रचनेनुसार बदलते.

‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. माधवरावांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याची विस्तृत सुधारित आवृत्ती काढली. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. दिली. मराठीतील संशोधनाला त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिली डी. लिट्. होय. त्यापूर्वी, १९३६ मध्ये, जळगाव येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. उत्तरायुष्यात ते भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि फारसीच्या या अभ्यासकाने स्वतःच्या काही कवितांतील फारसी शब्दही बदलले. शब्दांच्या निवडीविषयीची ही दक्षता त्यांच्या परिभाषेतही दिसते. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनी या संज्ञा केवळ पाठ करू नयेत. कोणतीही कविता समोर आली की प्रथम ती मोठ्याने वाचावी आणि तिच्यात काय नियमित आहे, लघू-गुरूंचा क्रम, मात्रा की अक्षरसंख्या, हे शोधावे. योग्य संज्ञा त्या उत्तरातूनच मिळते.